समुपदेशनाच्या शिक्षणाची वाटचाल

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामातील पालक आपल्या मुलामुलींना घेऊन धर्मगुरूंकडे सल्ल्यासाठी येतात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. एके काळी त्यांच्या मनात शिक्षकी पेशा, परिचारिकेचे काम किंवा एखादी सरकारी नोकरी असे. अलीकडे ‘समुपदेशक व्हायचे आहे’ असे सांगणारी मुलेही आमच्याकडे येऊ लागली आहेत. हे शिक्षण कोणत्या विद्यापीठात मिळते, त्याला किती वर्षे लागतात आणि ते पुरे केल्यावर पोट भरते काय, असे पालकांचे साधे आणि रास्त प्रश्न असतात. त्यांची उत्तरे विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत थोडीफार सापडतात. पण ही विद्या आपल्या भूमीत कोणत्या गरजेतून आली, कोणाच्या हातून वाढली आणि अद्याप कोठवर पोचलेली नाही, हे माहितीपत्रक सांगत नाही. ते समजल्यावाचून अभ्यासाची आखणी डोळसपणे होणे कठीण. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम इतिहास पाहणार आहोत आणि मग आखणीकडे वळणार आहोत.

हा इतिहास मोजण्यासाठी आम्ही एक गाव मापदंड म्हणून समोर ठेवले आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. कापूस आणि सोयाबीन ही या भागातील मुख्य पिके. रेल्वे गाठायची तर मलकापूरला जायचे. आपल्या जिल्ह्याचे विद्यापीठ गाठायचे तर थेट अमरावतीला. ख्रिस्तसभेच्या रचनेत हा प्रदेश १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. अशा गावातील मुलीने समुपदेशनाचा अभ्यास करायचे ठरवले, तर तिच्या पायाखाली वाट आहे काय? मुंबई-पुण्याच्या मुलीपुढे हा प्रश्न इतका तीव्र नसतो. धामणगाव बढेहून पाहिले म्हणजे या विद्येचे सामर्थ्य आणि तिची उणीव दोन्ही स्पष्ट दिसतात.

शब्दातील अडचण

‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ आहे आणि त्यामुळे बराच गैरसमज होतो. आपल्या समाजात उपदेशाला तोटा कधीच नव्हता. घरात वडीलधारी माणसे, गावात पाटील, शाळेत गुरुजी आणि वेदीवरून आम्ही धर्मगुरू, सारेच उपदेश करीत आलो आहोत. समुपदेशनाची विद्या वेगळ्या ठिकाणी सुरू होते. समोरच्या माणसाला आधी मन मोकळे करू द्यावे, त्याच्या बोलण्यातील भय, राग आणि लाज ओळखावी, आणि आपला निर्णय त्याच्यावर न लादता त्याचा निर्णय त्याला घेता येईल इतके बळ त्याला मिळवून द्यावे, हा तिचा गाभा आहे.

बायबलमधील ईयोबाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याचे तीन मित्र सांत्वनाला आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तेवढा काळ ते त्याचे खरे सोबती होते. पुढे त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणे त्यालाच समजावून सांगायला आरंभ केला आणि त्याच्या वेदनेत भर पडली. ते दुष्ट नव्हते. त्यांना मदत करायची होती, पण ती कशी करावी हे ठाऊक नव्हते. आजही एखाद्या घरात मुलगा परीक्षेत नापास होतो किंवा सून माहेरी निघून येते, तेव्हा शेजारीपाजारी ईयोबाच्या मित्रांसारखेच बोलू लागतात. समुपदेशनाचे विद्यापीठीय शिक्षण हवे ते याच कारणासाठी. केवळ कळवळा पुरत नाही. ऐकण्याचेही शिक्षण घ्यावे लागते.

गरज आधी, विद्यापीठ नंतर

पाश्चात्त्य देशांतही या विद्येचा आरंभ विद्यापीठाच्या वर्गात झाला नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले, ते कामाच्या शोधात असलेल्या तरुणांसाठी. त्यांत स्थलांतरितांची मुले बरीच होती. पुढे १९४२ साली कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सल्ला देण्यापेक्षा समजून घेण्यावर भर देणारी पद्धती मांडली. हे रॉजर्स तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका धर्मशिक्षण संस्थेत दाखल झाले होते आणि तेथून मानसशास्त्राकडे वळले होते, ही गोष्ट आमच्यासारख्यांना विशेष वाटते.

भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याची धुरा नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे होती. तेथील भर प्रयोगशाळेवर होता. माणसाच्या रोजच्या दुःखाशी या शास्त्राची गाठ पडली ती मुंबईत. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी १९२५ साली मुंबईस आले आणि पुढच्याच वर्षी नागपाड्याच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ हे समाजकेंद्र उभे केले. दाटीवाटीच्या चाळी, कर्ज, दारू आणि बेकारी यांनी पिचलेल्या कुटुंबांत काम करायचे तर प्रशिक्षित माणसे हवीत, हा तेथील अनुभव. त्यातूनच सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या आधाराने १९३६ साली समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आज आपण त्यास टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, या संस्थेने मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र उघडले. भारतातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. म्हणजे समुपदेशन आपल्याकडे आले ते चाळीतील आईचे आणि तिच्या हट्टी किंवा मुक्या झालेल्या लेकराचे बोट धरून. या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो फार पुढे, १९६४ साली.

दुसरा प्रवाह व्यवसाय मार्गदर्शनाचा. १९४१ साली मुंबईत बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघाले, १९४७ साली पारशी पंचायतीने आपल्या समाजातील तरुणांसाठी असेच केंद्र काढले आणि १९५० साली मुंबई सरकारने स्वतःचे केंद्र सुरू केले. एका लहानशा समाजाने आपल्या मुलांच्या भवितव्याची चिंता संस्थेच्या रूपाने वाहिली आणि सरकार मागून आले, हा क्रम आपल्या ख्रिस्ती समाजाने ध्यानी घ्यावा असा आहे. माध्यमिक शिक्षणाच्या मुदलियार आयोगाने (१९५२-५३) शाळांतील मार्गदर्शनाचा आग्रह धरल्यावर १९५४ साली केंद्र सरकारनेही शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचे मध्यवर्ती कार्यालय स्थापन केले.

विद्यापीठे या काळात हळूहळू सरसावली. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला. मुंबई विद्यापीठात १९५९ साली उपयोजित मानसशास्त्राचा. ‘प्रायोगिक’ ते ‘उपयोजित’ या दोन शब्दांतील अंतर पाहिले म्हणजे विद्येची दिशा कशी बदलत होती, याची कल्पना येते. समाजकार्याच्या अंगाने १९५५ साली मुंबईत धर्मभगिनींनी निर्मला निकेतन हे महाविद्यालय उभे केले. विदर्भात नागपूरच्या मातृ सेवा संघाने १९५८ साली समाजकार्य शिक्षणाची संस्था काढली. हा संघ कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली अडलेल्या बाळंतिणींच्या सेवेसाठी स्थापन केलेला. येथेही पुन्हा तोच क्रम दिसतो : आधी सुतिकागृह, मागून महाविद्यालय.

१९८० नंतर समुपदेशकाला समाजात नेमकी जागा मिळू लागली. १९८४ साली टाटा संस्थेच्या पुढाकाराने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीसमोर पोलिसाबरोबर प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. त्याच वर्षी कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. १९८९ साली पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये उघडली आणि विवाह समुपदेशक हे पद रूढ झाले. १९८६ साली पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली आणि मनाच्या आजारांविषयी मराठीत मोकळेपणाने बोलण्याचा प्रघात पाडला.

ख्रिस्तसभेतील प्रवाह

आपल्या परंपरेत ऐकून घेण्याला स्थान नव्हते, असे म्हणता येणार नाही. संत इग्नाशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. त्यातील सूचनांत संत इग्नाशियस मार्गदर्शकाला बजावतात की, साधकाला एका बाजूला ओढू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहावे आणि देवाला त्या जिवाशी थेट व्यवहार करू द्यावा. रॉजर्स यांच्या आधी चारशे वर्षे सांगितलेली ही गोष्ट आजच्या समुपदेशकाच्या पाठ्यपुस्तकात शोभावी.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात म्हटले की, मेषपालीय कार्यात ईशज्ञानाबरोबर मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या शोधांचाही उपयोग करावा. त्यानंतर धर्मगुरू आणि व्रतस्थ भगिनी मोठ्या संख्येने या विद्येकडे वळल्या. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. त्यांनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात समुपदेशनाचा अभ्यास केला आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी पुण्यात मेषपालीय समुपदेशनाची ‘साधना’ संस्था सुरू केली. १९७८ साली ती लोणावळ्यास गेली. १९८७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या काही लिखाणाविषयी रोमने १९९८ साली सावधगिरीची सूचना दिली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु धर्मसेवकाने आधी स्वतःचे मन तपासावे आणि मग दुसऱ्याच्या मनाला हात लावावा, ही शिस्त या संस्थेतून देशभर गेली.

येथे एक भेद पालकांनी ध्यानात ठेवावा. प्रायश्चित्त संस्कार आणि समुपदेशन या दोन भिन्न गोष्टी आहेत. संस्कारात पापाची क्षमा आहे. समुपदेशनात मनाच्या गुंत्याची उकल आहे. गुप्तता दोन्हीकडे आहे, परंतु संस्कारातील गुप्तता निरपवाद आहे, तर समुपदेशकाला कोणाच्या जिवाला धोका दिसल्यास योग्य व्यक्तीला सावध करावे लागते. नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाला ‘प्रार्थना कर, सारे ठीक होईल’ एवढेच सांगून परत पाठविणे हे त्याच्या श्रद्धेवरही ओझे टाकणे आहे. प्रार्थना असावीच, आणि जाणत्या माणसाकडे जाण्याची वाटही असावी.

खेड्याकडे येणारी वाट

आता आपल्या मापदंडाकडे येऊ. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे कित्येक वर्षे बुलढाण्याच्या मुलांना तेच विद्यापीठ होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ निघाले; २००५ साली त्यास संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, ज्यास आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. धामणगाव बढेहून ते अमरावतीपेक्षा जवळ पडते. मध्यंतरी १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि कालांतराने घरी बसून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी, त्यातही समुपदेशनाचा विशेष अभ्यास, शक्य झाला. शेतीत किंवा संसारात अडकलेल्या कित्येकांसाठी हीच एक खिडकी उघडी होती.

त्याच काळात या प्रदेशावर मोठे संकट आले. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या देशभर चर्चेचा विषय झाल्या आणि २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. मदत कर्जाची, सिंचनाची, बियाण्याची होती. मनाचा विचार नंतर आला. २०१५ साली राज्याच्या आरोग्य खात्याने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू करून शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय केली. गोव्यातील ‘संगाथ’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी काम केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत गेले. २०२२ साली केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवाही सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते.

अमरावतीच्या त्या अनुभवाचे मर्म भाषेत आहे. खेड्यातला माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, करमत नाही, जीव घाबरतो, झोप लागत नाही, डोके जड झाले आहे. हे ऐकून त्यामागचे दुःख ओळखायला त्या मातीतला कान लागतो. विद्यापीठातील पुस्तके बहुतांशी इंग्रजीत असतात आणि त्यांतील उदाहरणे परदेशी शहरांतील असतात. म्हणून धामणगाव बढेची मुलगी या शिक्षणात मागासलेली ठरत नाही. जी गोष्ट शहरातील विद्यार्थ्याला महत्प्रयासाने शिकावी लागेल, ती तिच्या घरात आहे.

मात्र तिची वाट अलीकडे अरुंद झाली आहे. संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीचा केंद्रीय कायदा २०२१ साली झाला आणि त्याच्या कक्षेत मानसशास्त्रज्ञ व काही प्रकारचे समुपदेशक आले. त्या आधारे २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. माणसाच्या मनाशी संबंध असलेली विद्या प्रत्यक्ष सरावावाचून देऊ नये, हा विचार योग्यच आहे. पण त्याची किंमत ज्यांना घर सोडणे परवडत नाही त्यांना मोजावी लागणार आहे. खिडकी बंद झाली असेल, तर दाराचा खर्च कोणीतरी उचलला पाहिजे.

अभ्यासाची आखणी

या पार्श्वभूमीवर आखणीचे टप्पे असे दिसतात. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असली तरी कला शाखेत मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवी करता येते. पदवी तीन वर्षांची असते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांचा पर्यायही आला आहे. जवळच्या महाविद्यालयात हा विषय शिकविला जात असेल, तर पदवीपर्यंत दूर जाण्याची घाई करू नये. त्या काळात इंग्रजी वाचनाची सवय मात्र जरूर लावावी. त्यानंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. येथे दोन वाटा फुटतात : मानसशास्त्रातून समुपदेशनाचा विशेष अभ्यास, किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. ज्यांना कुटुंब, पोलीस ठाणे, रुग्णालय, वस्ती अशा ठिकाणी काम करायचे आहे, त्यांना दुसरी वाटही तितकीच उपयुक्त आहे. ज्यांना गंभीर मनोविकारांवर मानसोपचार करायचे आहेत, त्यांनी चिकित्सालयीन मानसशास्त्राकडे जावे. त्यासाठी १९९२च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडील नोंदणी आवश्यक असते. औषध देण्याचा अधिकार यांपैकी कोणालाच नाही. तो वैद्यकीय पदवी घेतलेल्या मनोविकारतज्ज्ञाचा आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय? पदवीनंतर नोंदणी कोठे होईल? क्षेत्रकार्य किती तासांचे आहे, ते कोठे होते आणि विद्यार्थ्याच्या कामावर कोणती अनुभवी व्यक्ती देखरेख ठेवते? विद्यार्थ्याला स्वतःच्या मनाचे ओझे उतरविण्याची सोय आहे काय? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे गुळमुळीत आली, तर इमारत कितीही भव्य असो, दुसरीकडे पाहावे. काही आठवड्यांत ‘समुपदेशक’ म्हणून प्रमाणपत्र देणारे वर्ग गावोगावी निघाले आहेत. चांगला श्रोता होण्यास त्यांचा थोडाफार उपयोग होईल, पण तेवढ्या भांडवलावर कोणाच्या मोडलेल्या मनाची जबाबदारी घेऊ नये.

पोट भरते काय, या प्रश्नाचे उत्तर असे की, फार पैसा नाही, पण काम आहे. शासकीय रुग्णालयांतील एचआयव्ही समुपदेशन केंद्रे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, कौटुंबिक न्यायालये, व्यसनमुक्ती केंद्रे, शाळा आणि पोलीस ठाण्यांशी जोडलेले महिला कक्ष येथे ही माणसे लागतात. पुष्कळ जागा कंत्राटी असतात, हेही आधीच समजून असावे.

उरतो प्रश्न समाजाचा. वर पाहिलेल्या इतिहासात प्रत्येक वेळी कोणीतरी आधी खर्च उचलला : कधी टाटांच्या निधीने, कधी पारशी पंचायतीने, कधी धर्मभगिनींनी, कधी नागपूरच्या एका परिचारिकेने. वसईपासून वऱ्हाडापर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांनी असे ठरवावे की, दरवर्षी खेड्यातील एका तरी विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे आपण सांभाळू. शहरातील धर्मग्रामाने निवासाची सोय करावी, इतरांनी शुल्काची. तो विद्यार्थी ख्रिस्ती असावा अशी अट नको. चाळीतल्या आईला नागपाड्यात कोणी तिचा धर्म विचारला नव्हता. अट असावी ती इतकीच की, शिक्षण झाल्यावर काही वर्षे त्याने आपल्या भागात काम करावे. त्यासाठी शाळेत किंवा धर्मग्रामाच्या आवारात दार लावून बसता येईल अशी एक खोली, दोन खुर्च्या आणि नियमित मानधन एवढी तयारी आपण आधीच करून ठेवावी, म्हणजे परत येणाऱ्याला शहराकडे वळून पाहण्याचे कारण उरणार नाही.

नागपाड्याहून निघालेली ही विद्या शंभर वर्षांत अमरावतीच्या ३० खेड्यांपर्यंत पोचली. मोताळा तालुक्यापर्यंत ती किती वर्षांत पोचावी, हे काही अंशी आपल्या हाती आहे. पुन्हा बारावीचे निकाल लागतील. तेव्हा असा एखादा विद्यार्थी आपल्या ओळखीत असेल, तर त्याला माहितीपत्रक देऊन थांबू नये. त्याच्या आईवडिलांशी खर्चाविषयी बोलावे.